नातवाच्या भिंतीवरचा बाँड्स

पत्र :

ताई, मी 68 वर्षांचा, मूळचा गिरगावातला, गेली 38 वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. मला वेडं दोनच. जॅझचं वेड मुंबईहून बरोबर आणलं. 1978 च्या जॅझ यात्रेत रंगभवनला सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स ऐकला आणि वाया गेलो. बेसबॉलचं इथं आल्यावर मुलाच्या नादानं लागलं. मुलगा आता 32 चा आहे, नातू आठ वर्षांचा. गेल्या महिन्यात मुलानं नातवाच्या खोलीत बॅरी बाँड्सचं, म्हणजे स्टेरॉइड घेऊन होमरनचे (चेंडू मैदानाबाहेर टोलवण्याचे) विक्रम केल्याचा संशय असलेल्या बेसबॉलपटूचं, हे मोठं पोस्टर लावलं, शेजारी 7 ऑगस्ट 2007 च्या मॅचचं तिकीट फ्रेम करून. मी नातवासमोरच म्हणालो, "हा चोर आहे, काढ तो." मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, मग तुमच्या हॉलमधला चार्ली पार्करही उतरवा. तो हेरॉइन घ्यायचा. संशयित विक्रमापुढे लावतात तशी चांदणी (*) त्याच्या रेकॉर्डवर तुम्ही कधी लावल्याचं मला आठवत नाही." तेव्हा मला काही सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं ते सगळं लिहून पाठवलं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. तीन आठवडे झाले. फोन केला तर सूनबाई उचलते. या दोघांत फरक आहे की नाही, तुम्हीच सांगा.

ता.क. त्या मॅचला त्याला मीच घेऊन गेलो होतो. बाँड्सनं 756 वा होमरन मारला तेव्हा मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. असो.

— एक जॅझवेडे आजोबा

उत्तर :

आजोबा,

(तुम्ही माझ्याहून सातच वर्षांनी मोठे, पण सही तशी केलीत म्हणून तेच म्हणते.)

मुलाला पाठवलेला मेसेज तुम्ही पत्राबरोबर जोडलात ते बरं झालं. दोनदा वाचला. त्यात सात मुद्दे आहेत. त्यातले पाच बरोबर आहेत आणि एकही त्याला पाठवण्यासारखा नव्हता. त्याच्याकडे नंतर येते. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तुम्ही ते मनापासून विचारलंय आणि मलाही त्यात रस आहे.

मी काही तज्ज्ञ नाही. 1995 ते 2004 मी ओकलंडला होते, बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि बेसबॉल मला भाच्यानं शिकवला. मार्क मॅकग्वायर तेव्हा ओकलंडकडून खेळायचा. जुलै 1997 च्या शेवटच्या दिवशी त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं तेव्हा भाचा दोन दिवस नीट जेवला नव्हता. पुढच्याच वर्षी तो आणि सॅमी सोसा यांची शर्यत लागली. रॉजर मॅरिसचा एका मोसमातल्या 61 होमरनचा विक्रम 1961 पासून तसाच होता. मॅकग्वायरनं 70 मारले, सोसानं 66. त्या ऑगस्टमध्ये एका बातमीदाराला मॅकग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या स्टेरॉइडच्या जातीच्या औषधाची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती आणि दुकानात ती सरळ विकत मिळायची. त्यानं ते छापलं. लोक कुणावर चिडले? बातमीदारावर. बहिणीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मीही म्हणाले होते, "याला दुसरे उद्योग नाहीत का?" हे मुद्दाम सांगून ठेवते. तुमचा ता.क. वाचताना मला तेच आठवलं.

तर फरक आहे का? आहे. पण तुम्ही सांगता तो नाही.

तुमचा पहिला मुद्दा असा, की बर्डनं, म्हणजे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनं, फक्त स्वतःचं वाटोळं केलं, दुसऱ्या कुणाचं नाही. आजोबा, हे बरोबर नाही, आणि रंगभवनला रोलिन्स ऐकलेल्या माणसानं तर हे मुळीच म्हणू नये. 1940 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधल्या कितीतरी पोरांनी सुई हातात घेतली ती पार्करकडे बघून. रेड रॉडनी घ्या. खुद्द रोलिन्स घ्या. तो दरोड्याच्या प्रकरणात तुरुंगात जाऊन आला, पुढे केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात दाखल होऊन त्यानं 1955 च्या सुमाराला ते व्यसन सोडलं. सोडलं म्हणून पुढे विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करणारा रोलिन्स झाला, पवईच्या आश्रमात येऊन राहिला आणि 1978 साली तुम्हाला ऐकायला मिळाला. जे सुटले नाहीत त्यांची यादी तुमच्या कपाटातल्या कव्हरांवरच आहे. स्टेरॉइडच्या बाबतीतही हेच झालं. मार्च 2005 मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जी सुनावणी झाली, तिच्यात मॅकग्वायर "मी भूतकाळाबद्दल बोलायला आलो नाही" एवढंच घोकत राहिला हे सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी आपली तरुण मुलं गमावलेले आईबाप आधी बोलून गेले होते, ते फारसं कुणाला आठवत नाही. तेव्हा 'पोरांनी काय आदर्श घ्यावा' या मुद्द्यावर तुमचा मुलगा जिंकला. एक गुण त्याला.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तो साफ हरतो. हेरॉइननं पार्करच्या बोटांना काहीही दिलं नाही. नशेत आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक खोटं बोलतो, हे पार्करनं स्वतःच मुलाखतीत सांगून ठेवलंय. आणि त्याचा ध्वनिमुद्रित पुरावा आहे. 29 जुलै 1946, लॉस एंजेलिस, डायल कंपनीसाठी 'लव्हर मॅन'. त्या काळात त्याला हेरॉइन मिळेनासं झालं होतं आणि ती जागा दारूनं घेतली होती. नीट उभंही राहवत नव्हतं. सुरुवातीला पियानो त्याची वाट बघतो आणि हा येतच नाही. येतो तेव्हा सूर सापडतात, हरवतात, मधेच एखादी ओळ इतकी उघडी पडते की ऐकणाऱ्यालाच संकोच वाटावा. त्याच रात्री हॉटेलात गोंधळ, अटक, आणि मग कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात सहा महिने. ती तबकडी बाजारात आणली याचा राग पार्करच्या मनातून कधी गेला नाही. या रेकॉर्डवर चांदणी लावायचीच, तर 'हा माणूस याहून फार चांगला वाजवायचा' असं तळटिपेत लिहावं लागेल. 12 मार्च 1955 ला तो गेला तेव्हा 34 वर्षांचा होता आणि तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशीच्या पुढचा वाटला. बाँड्सचं उलट. वयाच्या 37 व्या वर्षी, जेव्हा बॅटरचे हात जड होऊ लागतात तेव्हा, त्यानं 2001 मध्ये 73 होमरन मारले. तिथं औषधानं काहीतरी दिलं असावं असा संशय आहे म्हणून तर वाद आहे.

तुमचा मुलगा कदाचित म्हणेल की जॅझवाल्यांना कुणी शिक्षा केली नाही. केली होती. न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आलं की ते काढून घेत. बिली हॉलिडेचं गेलं, पार्करचं गेलं. थेलोनियस मंकचं 1951 मध्ये गेलं आणि परत मिळायला 1957 उजाडलं. सहा वर्षं त्या शहरातला सगळ्यात वेगळा पियानोवादक त्याच शहरातल्या क्लबात वाजवू शकत नव्हता. हा मुद्दा तुमच्या मेसेजमध्ये नव्हता, म्हणून तुम्हाला देऊन ठेवते. मात्र कृपा करून तो पाठवू नका.

मला खरा फरक दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तो आपल्या भाषेत जास्त सहज दिसतो. तिकडे दोन्हीला 'रेकॉर्ड' म्हणतात. आपल्याकडे तुमच्या कपाटात आहे ती तबकडी आणि बाँड्सच्या नावावर आहे तो विक्रम. तबकडीवर एका माणसाचा एका दिवशीचा श्वास उमटलेला असतो. सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेननं काही वाजवलं म्हणून पार्कर दुसऱ्या क्रमांकावर जात नाही. विक्रमाचं तसं नाही, तो कुणाला तरी खाली उतरवूनच होतो. 762 या बाँड्सच्या एकूण होमरनच्या आकड्याला अर्थ आहे तो त्याच्याखाली 755 आहे म्हणून, आणि 755 खाली 714. तो 755 वाला हँक आरन बेब रूथच्या 714 च्या जवळ पोचत होता तेव्हा एका काळ्या माणसानं रूथला मागे टाकू नये म्हणून त्याला धमक्यांची पत्रं येत होती, पोत्यांनी. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात त्यानं तो विक्रम मोडला. तेहेतीस वर्षांनी बाँड्सनं त्याला मागे टाकलं तेव्हा आरन मैदानावर आला नाही. त्याचा अभिनंदनाचा संदेश तेवढा मोठ्या पडद्यावर दाखवला. तुम्ही तो प्रत्यक्ष पाहिलाय. आरनसाठी तुमच्या पोटात तुटत असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. बर्डनं कुणाचं नाव असं एक ओळ खाली सरकवलेलं नाही. हे एवढंच तुम्ही मुलाला सांगितलं असतंत, तर तो विचारात पडला असता.

पण तुम्ही 'चोर' म्हणालात, आणि तेही आठ वर्षांच्या पोरासमोर.

चोर म्हणायला घरात कुलूप असायला लागतं. बेसबॉलनं 1991 मध्ये एक परिपत्रक काढून स्टेरॉइड निषिद्ध ठरवली आणि तपासणीची काहीही सोय केली नाही. 1994 च्या संपात वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, लोक रुसले होते, 1998 च्या शर्यतीनं ते परत आले, तिकिटं खपली. कोण कशाला बाटल्या तपासतो? पहिली चाचणी 2003 साली, तीही निनावी. शिक्षा सुरू झाल्या 2004 पासून. 2007 च्या डिसेंबरात स्टेरॉइडच्या चौकशीचा मिचेल अहवाल आला, त्यात 89 खेळाडूंची नावं होती आणि त्यात पिचरही भरपूर होते. म्हणजे बाँड्सला चेंडू टाकणाऱ्यांपैकीही काही जण तेच घेत होते. आरननंसुद्धा एकदा अँफेटामाइनची गोळी घेऊन पाहिल्याचं आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय. त्या हिरव्या गोळ्या कित्येक दशकं ड्रेसिंग रूममध्ये सर्रास चालायच्या, त्यांची तपासणी 2006 ला सुरू झाली. रूथचे 1927 मधले 60 होमरन तर अशा लीगमधले, जिथं काळ्या पिचरला दारातच उभं करत नव्हते. आणि ज्याच्या कारकिर्दीत हे सगळं फोफावलं तो कमिशनर बड सेलिग 2017 मध्ये सन्मानानं कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या संग्रहालयात, जाऊन बसला. बाँड्सला दहाव्या आणि शेवटच्या प्रयत्नात, 2022 मध्ये, पत्रकारांची 66 टक्के मतं मिळाली. लागतात 75. म्हणजे दुकानाचा मालक आत, आणि सगळ्यात जास्त माल खपवणारा बाहेर.

याचा अर्थ बाँड्स निर्दोष, असं मी म्हणत नाही. खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बर्लिंगेमच्या बाल्को प्रयोगशाळेचं प्रकरण निघालं तेव्हा मी तिथून अर्ध्या तासावर राहत होते, रोजच्या पेपरात तेच. ग्रँड ज्युरीपुढे त्यानं सांगितलं की आपल्याला ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम वाटलं. 2011 च्या खटल्यात त्याच्या वकिलानंही हेच म्हटलं, की द्रव्यं शरीरात गेली पण त्याला ठाऊक नव्हतं. न्यायात अडथळा आणल्याचा एक गुन्हा तेवढा सिद्ध झाला आणि तोही 2015 मध्ये वरच्या कोर्टानं रद्द केला. स्वतःच्या शरीराबद्दल इतका काटेकोर माणूस अंगाला काय चोळतोय हे बघणार नाही, हे मला पटत नाही. मला पटत नाही, एवढंच म्हणायचा मला हक्क आहे. तुम्हालाही तेवढाच होता.

आता तुमचा सातवा मुद्दा, ज्यावर मी खरं तर हसले. तुम्ही लिहिलंय : "संगीतात खोटं चालत नाही. सुई खाली ठेवली की जे आहे ते ऐकू येतं." आणि त्याच परिच्छेदात पुढे म्हणता की 'एलिंग्टन अॅट न्यूपोर्ट' चोरबाजारातून 1979 मध्ये आणलीत, ती आजही हॉलमध्ये बर्डच्या शेजारी लावलेली आहे, आणि त्या टाळ्या ऐकून अंगावर काटा येतो.

आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

7 जुलै 1956 ची रात्र, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचे दिवस तेव्हा पडते होते. मध्यरात्रीच्या सुमाराला 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मधोमध पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे आला आणि त्यानं ब्लूजची 27 आवर्तनं एका दमात वाजवली. (आडनावावरून तुम्हाला एके काळी तो गोव्याचा वाटला असेल, मलाही वाटला होता. त्याचे आईवडील केप व्हर्देकडचे; पोर्तुगीजांनी आडनावं दोन्हीकडे वाटली.) एक बाई उठून नाचायला लागली, मग सगळं मैदान उठलं. हे सगळं खरं. पण गोन्साल्विस चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला होता. तो होता व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा, कोलंबिया कंपनीचा नव्हे. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर तो दुरून ऐकू येत होता. बाकीच्या रचनांचं वादन एलिंग्टनला समाधानकारक वाटलं नव्हतं. मग दोन दिवसांनी मंडळी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गेली, बराच भाग पुन्हा वाजवला, त्यावर टाळ्या चिकटवल्या आणि कव्हरवर 'न्यूपोर्ट' छापून विकला. एलिंग्टन 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आला. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप पुढे कित्येक वर्षांनी सापडली आणि 1999 मध्ये दोन सीडींच्या संचात ती रात्र जशी होती तशी ऐकायला मिळाली. तुमच्या अंगावर काटा आणणाऱ्या त्या टाळ्यांपैकी काही कुणीच त्या वादनाला वाजवलेल्या नाहीत.

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं तर माहीतच असेल. पहिली बाजू घेताना मुद्रणाचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे तबकडीवर ती बाजू किंचित चढ्या सुरात आली. 1992 मध्ये कंपनीनं ते दुरुस्त करेपर्यंत तेहेतीस वर्षं जगभरचे विद्यार्थी त्या चढ्या सुराशी आपली वाद्यं जुळवत बसले होते. तो बिचारा अपघात होता. न्यूपोर्टचा अपघात नव्हता.

याच्या उलट उदाहरणही तुमच्या कपाटात असणार. 1963 मध्ये बिल एव्हान्सनं एकट्यानं तीन पियानो एकावर एक मुद्रित केले आणि अल्बमचं नावच ठेवलं 'कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ'. कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही. त्याला ग्रॅमी मिळालं. काही वर्षांआधी लेनी ट्रिस्टानोनं टेपचा वेग बदलून पियानो चढवला तर समीक्षकांनी त्याला लबाड ठरवलं. यंत्र दोघांनी वापरलं. पण एव्हान्सनं ते दारावरच लिहून ठेवलं होतं, आणि माझ्या मते स्टेरॉइडच्या सगळ्या भांडणाचं मूळही तिथंच कुठंतरी आहे. डोळ्यांना लेझर करून घेतलेला किंवा कोपराचा स्नायूबंध बदलून घेतलेला पिचर कुणाला खटकत नाही. तो सगळ्यांना सांगून करतो.

आता सांगा, न्यूपोर्टची तबकडी भिंतीवरून उतरवणार का? नाही उतरवणार. मीही नसती उतरवली. त्या 27 आवर्तनांत खोटं काही नाही, ती त्याच रात्रीची आहेत. भोवती थोडी लबाडी आहे हे माहीत झाल्यावरही ती ऐकता येतात. बाँड्सचंही तुमच्या मुलाला असंच काहीसं म्हणायचं असावं, फक्त त्याच्याकडे तुमच्यासारखी लांबलचक वाक्यं नाहीत.

आता ता.क. पत्रातला तेवढाच भाग तुम्ही दोन ओळींत उरकलात आणि 'असो' म्हणून झाकण लावलंत.

7 ऑगस्ट 2007. तुमचा मुलगा 14 वर्षांचा. तुम्ही त्याला फ्रीमाँटहून घेऊन गेलात, पाचव्या डावात बाँड्सनं वॉशिंग्टनच्या माइक बॅसिकला उडवला, चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत गेला, फटाके उडाले, जुना दिग्गज विली मेज मैदानात आला. बाँड्सचा संघ जायंट्स ती मॅच 8-6 अशी हरला, ते त्या रात्री कुणाच्या गावीही नव्हतं. बाल्को प्रकरण तोपर्यंत चार वर्षं जुनं झालं होतं. दुसऱ्या शहरांत लोक चांदण्यांचे फलक धरून त्याच्यावर ओरडत होते, सॅन डिएगोत कुणी त्याच्या दिशेनं सिरिंज फेकली होती. तुम्ही पेपर वाचणारे गृहस्थ. तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही उठलात आणि टाळ्या वाजवल्यात, कारण शेजारी पोरगा उड्या मारत होता आणि रात्र सुंदर होती. यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. मॅकग्वायरच्या वेळी मी याहून वाईट वागले. मी तर खरं लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या.

पण आता मुलाच्या जागी बसून बघा. त्यानं भिंतीवर लावलं ते तिकीट बाँड्सचं आहे का? अठरा वर्षं जपून ठेवलेला तो कागद म्हणजे बाबांबरोबरची मॅच. तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून त्याच्या पोराला सांगितलंत, की हा चोर. त्याला ऐकू आलं ते असं, की ती रात्र खोटी होती. त्यावर हेरॉइन आणि चार्ली पार्करच्या सात मुद्द्यांचा मेसेज आला. मीही उत्तर दिलं नसतं.

म्हणून आता मेसेज नको. माझं हे उत्तर कापून पाठवणं तर मुळीच नको. मी तुम्हाला ओळखते आता, तुमची बोटं शिवशिवत असतील. त्याच्या घरी जा. सूनबाईला आधी कळवा, तिनं तीन आठवडे दोघांचे फोन सांभाळलेत, तिच्यासाठी काहीतरी घेऊन जा. वाद पुढे चालवू नका. एवढंच म्हणा, की मीही उभा होतो तेव्हा. 'असो' न जोडता म्हणा. पुढे तो काय म्हणेल ते मला सांगता येणार नाही. कदाचित म्हणेल, "माहीत आहे मला, मी बघत होतो तुमच्याकडे." पोरं बघत असतात.

पोस्टर तिथंच राहू द्या. नातवाला मात्र खरं सांगा, दोघांनी मिळून सांगा. आठ वर्षांच्या मुलाला 'चोर' कळतो त्याहून बरंच जास्त कळतं. त्या 756 व्या चेंडूची गोष्ट त्याला नक्की आवडेल. क्वीन्सहून आलेल्या एका 22 वर्षांच्या तरुणाच्या हाती तो लागला, लिलावात साडेसात लाख डॉलरांवर गेला, विकत घेणाऱ्या मार्क एकोनं इंटरनेटवर मतदान ठेवलं की याचं काय करू. 34 टक्के म्हणाले तसाच संग्रहालयाला द्या. 19 टक्के म्हणाले रॉकेटमधून अवकाशात सोडा. 47 टक्के म्हणाले त्यावर चांदणी कोरा आणि मग द्या. तर तो चेंडू आज कूपर्सटाउनच्या संग्रहालयाकडे आहे, चांदणी कोरलेला. ज्या बाँड्सला त्या इमारतीत जागा दिली नाही, त्याचा चेंडू आत. तुमच्या नातवाचं मत कुठं पडलं असतं विचारा. माझी पैज अवकाशावर.

आणि बर्डही उतरवू नका, मुलगा तसं खरंच म्हणत नव्हता.

एक मात्र करा. न्यूपोर्टचा 1999 चा संच मिळवा आणि एखाद्या रविवारी दोघांना घरी बोलवा. आधी चोरबाजारातली तबकडी लावा, खरखरीसकट. मग ती सीडी लावा. कुठल्या टाळ्या खऱ्या आणि कुठल्या चिकटवलेल्या ते नातवाला ओळखू द्या, मुलं असल्या गोष्टींत आपल्यापेक्षा तरबेज असतात. गोन्साल्विस सुरू झाला की मात्र तुम्ही गप्प बसा. माहिती देऊ नका. मुलाला आकड्यांचा नाद आहे, तोच नातवातही उतरला असणार. दोघांना आवर्तनं मोजायला सांगा. पहिल्या खेपेला बहुतेकांची विसाच्या आसपास चुकते, माझी अजून चुकते.

— ताई